संतपरीक्षक श्रीगोरोबाकाका

आज आषाढ शुद्ध एकादशी. दिंड्या पंढरीस पोहोचल्या, चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगांनी दुमदुमून गेले. आणि ज्यांस तेथे जाणे घडले नाही असे आम्ही रत्नागिरीकर भर पावसात छत्र्या सावरीत बाजारपेठेतील विठ्ठलमंदिराच्या रांगेत उभे राहिलो. याच दिवसांत आमच्याकडील कुंभारांच्या घरी एक गोष्ट घडते, तिकडे भाविकांचे सहसा लक्ष जात नाही. तेथे चाक थांबलेले असते. ओली मडकी सुकवावयास ऊन नाही, आवा पेटवावयास कोरडी जागा नाही. म्हणून चाक पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि तेच हात शाडूच्या मातीत शिरून गणरायाच्या मूर्ती घडवू लागतात. भिंतीला टेकलेले ते चाक पाहिले की आम्हांस दरवर्षी एका थोर पुरुषाचे स्मरण होते. हात गेल्यावरही त्याचे चाक थांबले नाही, कारण ते फिरवावयास प्रत्यक्ष पंढरीनाथ बसले होते. ते म्हणजे तेरचे श्रीगोरोबाकाका.

कुंभाराच्या घरावाचून आपल्या हिंदू गृहस्थाचे एकही कार्य सिद्धीस जात नाही. नवरात्राचा घट त्याच्या घरून येतो, संक्रांतीचे सुगड त्याच्या घरून येते, दिवाळीची पणती आणि लग्नातील करा त्याचाच. आणि अखेरच्या प्रवासात खांद्यावरून फुटणारे मडकेही त्याच्याच चाकावर घडलेले असते. कोकणात तर मंगलोरी कौले येण्यापूर्वी आपल्या डोईवरचे छप्परही त्याच्याच नळ्यांचे होते. असे असूनही पंक्तीत त्याचे पान कोठे मांडले जाई, हे सांगावयास नको. संतांनी मात्र आपल्या मेळ्यात त्यास काकांचे स्थान दिले आणि आपली परीक्षा घेण्याचा अधिकार त्याच्या हाती सोपविला.

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. त्यास सामान्य खेडे समजू नये. प्राचीन तगर नगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील व्यापारी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे आणि तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. उत्तर कोकणावर आणि कोल्हापुरावर राज्य केलेले शिलाहार राजे तर स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. तेव्हा या गावाशी आम्हां कोकणवासीयांचे नाते नवे नव्हे. तेरच्या पांढरीत उत्खनन झाले तेव्हा सातवाहनकालीन वस्तूंबरोबर भाजलेल्या मातीची भांडी व मूर्ती निघाल्या. गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळचे वैभव पाहावयास मिळते. म्हणजे गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे त्या गावात कोणी अनामिक कुंभार चाक फिरवीत होते. राजे गेले, त्यांच्या पदव्या ताम्रपटांत उरल्या, मडकी मात्र मातीतून जशीच्या तशी वर आली.

या गावी माधवबुवा कुंभार आणि त्यांची पत्नी रखुमाई यांच्या पोटी, परंपरेच्या गणनेप्रमाणे शके 1189 म्हणजे इ. स. 1267 मध्ये गोरोबांचा जन्म झाला. त्यापूर्वी या दांपत्याची आठ अपत्ये गेली होती आणि काळेश्वराजवळ पुरली होती. भगवंतास त्यांची कणव आली, मुले पुन्हा उठली, आणि गोरीतून, म्हणजे त्या खड्ड्यातून, वर काढलेला म्हणून याचे नाव गोरा पडले, अशी कथा आहे. कथेचा खरेखोटेपणा पाहणारे पाहोत. मातीतून परत मिळालेले मूल हे गोरोबांच्या जीवनाचे पहिले पान आहे आणि मातीत गेलेले मूल हे मधले, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वडिलांमागून चाक त्यांच्याकडे आले. कुंभाराचा दिवस कसा असतो हे आज शहरातील मुलांस ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. चिकण माती खणून आणावयाची, फोडावयाची, चाळावयाची, तीत लीद वा राख मिसळून पाणी घालावयाचे आणि मग तासन्‌तास ती पायांनी तुडवावयाची. ही तुडवणी हा धंद्याचा प्राण. मातीत वाऱ्याचा एक बुडबुडा किंवा हरभऱ्याएवढा खडा राहिला, तर मडके आव्यात तडकते आणि आठवडाभराची मेहनत राख होते. तुडवून लोण्यासारखी झालेली माती चाकाच्या मध्यावर ठेवावयाची, दांडक्याने चाकास वेग द्यावयाचा, दांडके बाजूस ठेवावयाचे, आणि चाक आपल्या वेगाने गरगरत आहे तोवर दोन हातांच्या मधून मातीला वर उचलावयाचे. मग दोऱ्याने कापून, सावलीत सुकवून, थापटण्याने थापून, शेवटी आव्यात भाजावयाचे. गोरोबा हे सर्व करीत आणि मुखाने विठ्ठलनाम घेत. वारी चुकवीत नसत. घरी संती नावाची पत्नी होती आणि अंगणात रांगणारे एक मूल.

पुढील प्रसंग महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर नसेल. संती पाण्यास निघाली. मुलाकडे पाहा असे पतीस सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवीत होते. नामाचा रंग चढला, डोळे मिटले, पाय नाचू लागले. मूल रांगत रांगत बापाकडे आले आणि चिखलात, बापाच्या पायांखाली, सापडले. संती घागर घेऊन परतली तेव्हा माती लाल झाली होती.

कीर्तनकार मंडळी येथे काय करतात, हे आम्ही आमच्याच अनुभवाने सांगतो, कारण चाळीस वर्षे आम्हीही तेच करीत आलो. येथे टाळ वाढतो, देहभान हरपल्याचे वर्णन येते, श्रोत्यांचे डोळे भरतात आणि बुवा घाईघाईने पंढरपूर गाठतात, कारण तेथे मूल परत मिळावयाचे असते. एकदा रत्नागिरी तालुक्यातील एका गावी कुंभारांच्या वाडीत आमचे हे आख्यान झाले. दुसरे दिवशी सकाळी निरोप घ्यावयास गेलो, तर त्या घरची आजी अंगणात बसून ओल्या मडक्यांना थापत होती. सारा जन्म मातीत गेलेली बाई. तिने आम्हांस बसावयास पाट दिला आणि काम न थांबविता एक शंका विचारली. बुवा, तुडवणाऱ्याच्या तळपायाला एवढासा खडा कळतो, नव्हे तो कळावा म्हणूनच पायाने तुडवायचे; मग त्या पायाला पोटचा पोर कसा कळला नाही?

आम्ही शास्त्री. उत्तर तयार होते. समाधी, वृत्तींचा निरोध, देहभावाचा लय, सगळे सांगितले. आजीने ऐकून घेतले आणि पुढचे मडके उचलले. तिचे समाधान झाले नाही हे उघड होते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

त्यानंतर आम्ही महिपतीबोवांचा भक्तविजय पुन्हा काढून बसलो. शके 1684 म्हणजे इ. स. 1762 मध्ये पुरा झालेला हा ग्रंथ आमच्या घरी नित्य वाचनात आहे, पण नित्य वाचनातील पोथी डोळ्यांखालून निसटते. महिपतींसारखा भक्त चरित्रकारसुद्धा संतीचा क्रोध झाकून ठेवीत नाही. ती आकांत करते, पतीच्या भजनाला आणि त्या विठोबालाही बोल लावते. देवाची निंदा कानी पडताच गोरोबांस संताप येतो; ते हाती दांडके घेऊन तिच्या अंगावर धावतात. चाकाला वेग देण्याचे ते दांडके, आणि समोर जिचे मूल नुकतेच गेले आहे ती आई! ती मागे सरते आणि विठोबाची आण घालते की आपल्या अंगास हात लावू नये.

आमचे मत असे आहे, आणि ते कोणास रुचणार नाही हे जाणून आम्ही ते लिहीत आहोत, की त्या क्षणी गोरोबा भक्त होते परंतु कच्चे होते. नामात रंगणे ही चाकावरची अवस्था झाली. आकार आला, पण अग्नी लागावयाचा होता. तो अग्नी लाविला संतीने. तिने घातलेली आण हाच गोरोबांचा आवा. दांडके हातातून गळाले आणि त्या दिवसापासून त्यांनी तिला स्पर्श केला नाही. एका छपराखाली, एका चुलीचे अन्न खाऊन, एकाच मातीत काम करीत त्या दोघांनी दिवस काढले. मूल गेलेल्या घरात नवराबायकोंमध्ये जो अबोला उतरतो, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांस याहून अधिक सांगणे नलगे.

वंश बुडेल या भयाने संतीनेच पुढे होऊन आपली धाकटी बहीण रामी गोरोबांस देवविली. एखाद्या आईस हे करावे लागणे म्हणजे काय, हेही आख्यानात एका वाक्यात उरकते. सासऱ्याने कन्या देताना दोघींस सारखे वागवावे, दुजाभाव करू नये, अशी विठोबाची शपथ घातली. त्याचा हेतू सरळ होता. गोरोबांनी अर्थ निराळा घेतला: थोरलीस स्पर्श नाही, तर धाकटीसही नाही. शेवटी दोघी बहिणींनी, पती निद्रिस्त असता, त्यांचे हात उचलून आपल्या अंगावर ठेवले. जागे झाल्यावर आण मोडली असे पाहून गोरोबांनी शस्त्राने आपले दोन्ही हात तोडले.

कुंभाराने हात तोडणे म्हणजे काय याचा विचार करावा. पंडिताने पोथी टाकली तर त्यास पाठ असते. कुंभाराची विद्या बोटांत असते, मडक्याची भिंत किती पातळ झाली हे त्यास डोळा सांगत नाही, बोट सांगते. एकदा संतापाने जे हात उठले होते तेच त्यांनी टाकून दिले, असा आम्ही याचा अर्थ लावतो. शरीराला अशी इजा करणे शास्त्रास संमत नाही आणि या कथेवरून कोणी तसा बोधही घेऊ नये. कथा आपल्याला एक मनुष्य दाखवीत आहे, विधी सांगत नाही.

आता घर चालावे कसे? तेव्हा पंढरीहून पांडुरंग आणि रुक्मिणी कुंभार-कुंभारीण होऊन तेरास आली. विठू कुंभार म्हणून देवाने चाक धरले, मडकी घडविली, विकली, आणि गरुड गाढव होऊन पाठीवर माती वाहू लागला.

येथे आमच्यातील शास्त्र्यास थोडे बोलू द्यावे. न्यायशास्त्रात घट हे कार्याचे नेहमीचे उदाहरण. माती, चाक, दांडके, कुंभार ही त्याची कारणे. परंतु माती वाहून आणणारे गाढव मात्र कारणांत धरीत नाहीत. गाढवावाचूनही माती आणता येते, म्हणून घटाच्या दृष्टीने ते अन्यथासिद्ध, म्हणजे गणनेबाहेरचे. पाठशाळेत हा विषय आला की विद्यार्थी हसतात. आम्हीही हसलो होतो. नैयायिकांनी ज्यास कारणांच्या पंक्तीतून उठविले, त्या गाढवाच्या जागी तेरच्या कुंभारवाड्यात प्रत्यक्ष विष्णूचे वाहन उभे राहिले. पाठशाळेतील ते हसू पुढे आम्हांस अवघड वाटू लागले.

आषाढी आली तेव्हा गोरोबा दोन्ही पत्नींसह पंढरीस गेले. गरुडपारापाशी नामदेवरायांचे कीर्तन चालले होते. नामघोष रंगात आला आणि नामदेवांनी सर्वांस हात वर करून टाळी वाजविण्यास सांगितले. साऱ्या मेळ्याचे हात वर गेले. गोरोबांनी आपले थोटे दंड वर केले, आणि त्यांस हात फुटले. संतीने रडत पांडुरंगास आळविले; तेव्हा गर्दीतून तिचे मूल रांगत आले. रुक्मिणीमातेने मध्यस्थी केली आणि देवाने आण फेडून घेतली, संसार करण्यास अनुज्ञा दिली. ज्या संतीने देवाला बोल लावला होता तिच्या हाती देवाने मूल दिले आणि एका शब्दानेही तो बोल तिच्या पदरी परत घातला नाही. आम्हांस या साऱ्या आख्यानात याहून मोठा चमत्कार दिसत नाही.

संतांच्या परीक्षेचा प्रसंग कोणी याच्या आधी सांगतात, कोणी नंतर. कोणी तो तेरला घालतात, कोणी पंढरीस. आम्ही तो नंतर आणि तेरलाच सांगतो. थापटणे त्या परत मिळालेल्या हातांतच शोभते. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव आणि इतर संत गोरोबांच्या घरी बसले होते. मुक्ताईची दृष्टी कोपऱ्यातील थापटण्यावर गेली. हे कशासाठी, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के हे कळण्यासाठी, असे गोरोबांनी सांगितले. मग ही जमलेली मडकीही पाहावीत, अशी मुलीने गळ घातली. काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत निघाले. ज्ञानदेवादिक भावंडे शांत बसली. नामदेवांस मात्र ते सोसले नाही, त्यांच्या मुद्रेवर राग आणि अपमान उमटला. काकांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे. देव ज्यांच्याशी बोलतो, जेवतो, ते नामदेव कच्चे!

परंपरेचे शक धरले तर नामदेवांचा जन्म इ. स. 1270 चा, म्हणजे काका त्यांच्याहून अवघे तीन वर्षांनी वडील. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली, तेव्हा हा प्रसंग त्यापूर्वीचाच. गोरोबांचे वय तिशीच्या आतले. आमच्या चित्रकारांनी त्यांस पांढरी दाढी देऊन ठेवली आहे ती वयाची नव्हे.

या प्रसंगाचा खरा उलगडाही आम्हांस त्या आजीच्या अंगणातच झाला. ती डाव्या हाताने गुळगुळीत गोल दगड मडक्याच्या आतून धरून ठेवी आणि उजव्या हाताने बाहेरून थापटणे मारी. बाहेरच्या प्रत्येक माराखाली आतला हात असेच. आम्ही विचारले, भाजलेले मडके यानेच पारखतात का? ती हसली. भाजलेल्या मडक्याला कोणी थापटणे मारील तर त्याची खापरे होतील. पक्के मडके बोटाने वाजवून पाहतात, ते खणखणते. थापटणे असते ओल्यासाठी. जोवर ओल आहे तोवर त्याची भिंत पातळ करता येते, पोट वाढवता येते, वाकडेपणा काढता येतो.

तेव्हापासून कच्चे हा शब्द आम्ही निंदेच्या स्वरात उच्चारीत नाही. गोरोबांनी नामदेवांस टाकाऊ म्हटले नव्हते. अजून घडण्याजोगे म्हटले होते, आणि पहिला घाव त्यांच्याच हातून बसला. नामदेव रुसून पंढरीस गेले. तेथे देवानेही तेच सांगितले आणि गुरू करावयास धाडले. औंढ्या नागनाथास विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले त्यांस दिसले. ते पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे लिंग, हा अनुभव आला आणि मडके भाजून निघाले. हेच नामदेव पुढे पंजाबापर्यंत गेले. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात मानाने आहेत. तेरच्या थापटण्याचा आवाज एवढ्या दूरवर गेला.

गोरोबांच्या नावावर थोडेच अभंग मिळतात, वीसच्या आसपास. बहुतेक निर्गुणाच्या अनुभवाचे आहेत आणि काहींत नामदेवांस आपलेपणाने हाक मारलेली आहे. ज्यास कच्चे ठरविले त्याच्याशीच त्यांचा असा जिव्हाळा जडावा, यात कुंभारांस नवल वाटणार नाही.

ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे गेल्यावर गोरोबा आणखी वीस वर्षे तेरला राहिले. सांख्यशास्त्रात ज्ञान झालेल्या पुरुषाचे शरीर पुढे कसे टिकते हे सांगताना कुंभाराच्याच चाकाचा दृष्टांत दिला आहे. मडके उतरवून घेतले, दांडके बाजूस ठेवले, तरी दिलेला वेग संपेतो चाक फिरत राहते. गोरोबांची ती वीस वर्षे तशी गेली असावीत. मडकी करावी, बाजारास न्यावी, वारीस जावे, आल्यागेल्या साधूस भाकर घालावी. त्या घरात संती होती, रामी होती, आणि एकदा गेलेले व परत आलेले मूल मोठे होत होते. शके 1239 म्हणजे इ. स. 1317 च्या चैत्र वद्य त्रयोदशीस काकांनी देह ठेवला. तेरणेच्या काठी, काळेश्वराच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे. त्रयोदशीस तेथे भाविकांची दाटी होते.

आमच्या त्या आजीचे आख्यान ऐकणे तेवढेच झाले, पुढे ती गेली. परंतु आता गोरोबांचे कीर्तन लागले की संती पाण्याहून परतते तेथे आम्ही झांज थांबवितो. थोडा वेळ काहीच वाजत नाही. आज रात्री मंदिरात हेच आख्यान आहे. पाऊस उघडला नाही तरी सभामंडप भरेल, आणि शेवटी नामदेवरायांच्या नावाने आम्ही हात वर करावयास सांगू तेव्हा बायकांच्या बाजूकडे पाहू. तेथे एखादी हात वर न करता पदर डोळ्यांस लावून बसलेली असते. तिच्यासाठी आम्ही गजर आणखी एक आवर्तन लांबवितो.